इब्राहिमचाचांनी बघितलेला इंजिनिअर

अलाउद्दीन अत्तार आणि मी पौडच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढं तो पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला आणि मी मॅट्रिकला आपटलो. उरवड्याच्या शिवारात इंजेक्शनं बनवणारी कंपनी आली, तेव्हा तो तिथं प्रॉडक्शन इंजिनिअर म्हणून लागला आणि मी त्याच्याच हाताखाली मशीन चालवायला. गेटच्या बाहेर तो मला वाल्म्या म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. गेटच्या आत तो साहेब. असं कधी ठरवलं नव्हतं, पण दोघांनीही ते पाळलं. एकदा आत असताना माझ्या तोंडून "आरं" निघून गेलं, तर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की पुढचा आठवडाभर मी त्याच्याशी मानेनंच बोलत होतो.

आमच्या मशीनवर जे औषध भरलं जायचं, ते बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही अशा बाईला टोचतात. बोटाएवढी काचेची कुपी, तिच्यात औषध भरायचं आणि ज्योतीवर तिचं तोंड वितळवून बंद करायचं. काम दिसायला सोपं. पण हे औषध थेट रक्तात जाणार, म्हणून त्यात केस नको, धूळ नको, काहीच नको. सरकारचे औषध निरीक्षक कधीतरी यायचे, कागद चाळायचे, चहा घेऊन जायचे. अलाउद्दीन रोज यायचा. त्यामुळं निरीक्षकांची आम्हाला भीती अशी वाटलीच नाही.

भरण्याच्या खोलीत जाण्याआधी कपडे बदलायची खोली होती. तिच्या मधोमध आडवा बाक. बाकाच्या अलीकडं आपले घरचे पाय, पलीकडं कंपनीचे. अलीकडं चप्पल काढायची, बाकावर बसून पाय उचलून पलीकडं टाकायचे, आणि मग डोक्यापासून तळव्यापर्यंत पांढरा पोशाख, टोपडं, तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा. भिंतीवर पाटी होती. तेल नको, पावडर नको, कुंकू, गजरा, सुरमा, अत्तर काही नको. माझ्या केसांना खोबरेल तेलाचा वास येतो म्हणून मला त्यानं कितीदा तरी बाकावरून परत पाठवलंय. मी चिडायचो. म्हणायचो, बाळंतीण काय माझ्या केसांचा वास घेणाराय? तो शांतपणे म्हणायचा, "डोकं धू आणि ये."

आत गेलं की बोलायचं नाही. भराभर चालायचं नाही. हात कायम कमरेच्या वर आणि छातीच्या खाली. माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगावरून बारीक कण झडत असतात, हात हलवला की जास्त झडतात, असं तो नव्या पोरांना समजावायचा. मुठ्याचा भैरू नावाचा एक गडी पहिल्याच दिवशी नाक खाजवलं म्हणून बाहेर गेला, तो पुन्हा आलाच नाही. घरी जाऊन म्हणाला म्हणे, तितं देवळातल्या मूर्तीसारखं उबं ऱ्हायचं आसतंय, आपल्याच्यानं न्हाई व्हायाचं.

आता हा एवढा सोवळा माणूस राहायचा कुठं, तर अत्तराच्या दुकानात. पौडच्या बाजारात त्याचे वडील इब्राहिमचाचा यांचं दुकान होतं. पुढं दुकान आणि मागं घर. अत्तर, सुरमा, उदबत्त्या, शिकेकाई, हळदीकुंकू, लग्नाचं सगळं सामान. चाचांकडून अत्तर घेतल्याशिवाय मुळशीत कुणाचं लग्न लागत नव्हतं, मग नवरदेव पाटलांचा असो नाहीतर पठाणांचा. त्या घरात भिंतीलासुद्धा वास होता. चाचांनी शेजारून नुसता हात फिरवला तरी आपल्या सदऱ्याला दिवसभर केवडा यायचा. लहानपणी आम्ही मुद्दाम त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहायचो.

कामाला लागल्यावर अलाउद्दीननं घरात वेगळी चूल मांडायची तेवढी बाकी ठेवली. कपड्यांची ट्रंक वेगळी. ती ट्रंक घरात नाही, गल्लीच्या टोकाला रंभाबाईंच्या पडवीत. त्याची आई ताजबी त्याचे कपडे धुऊन रंभाबाईंच्या अंगणात वाळत घालायची, घरच्या दोरीवर नाही. सकाळी आंघोळ करून तो तिकडंच कपडे बदलायचा आणि तिथूनच एसटी पकडायचा. रंभाबाई हसायच्या. म्हणायच्या, "ताजबी, तुजं पोर माज्या घरात कापडं ठिवतंय, उद्या भाडं मागंन बग मी." चाचा हसायचे नाहीत. मुलगा आपल्या मालाला नाक मुरडतो, एवढंच त्यांना कळत होतं. आणि बाजारात कुणी ना कुणी ते त्यांना बोलून दाखवायचंच.

ईदच्या दिवशी ते फुटलं. चाचांच्या घरची रीत अशी, की नमाजला निघताना दारात उभं राहून ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया ठेवायचे. आपल्या हातानं. त्यांच्या बापानं त्यांना ठेवला होता, त्याच्या बापानं त्याला. त्या वर्षी आमचं एक उत्पादन अर्धवट होतं आणि दुपारी अलाउद्दीनला आत जायचं होतं. चाचांनी फाया पुढं केला आणि अलाउद्दीननं मान मागं घेतली. "अब्बा, आज ड्युटी हाय. नको."

दारात भाऊबंद होते, शेजारी होते, मीही शीरखुर्म्याच्या आशेनं सकाळीच पोचलो होतो. चाचांचा हात तसाच थोडा वेळ पुढं राहिला. मग त्यांनी तो फाया परत डबीत ठेवला, झाकण लावलं, आणि मशिदीकडं चालू लागले.

त्यानंतर ते अलाउद्दीनशी सरळ बोलले नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. समोर बसलेल्या मुलाला निरोप द्यायचा तर बायकोमार्फत. "ताजबी, इंजिनेरसायबांना सांग, पानी तापलंय." "ताजबी, सायबांना इचार, भाकरी वाढायची का." आणि बोलताना नजर बाटल्यांवर. मला सुरुवातीला गंमत वाटायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग गंमत वाटेनाशी झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कुंपणाजवळ बसलो असताना अलाउद्दीन मला म्हणाला, "वाल्म्या, अब्बा माझ्या तोंडाकडं बघत न्हाईत रे. सगळं करतात. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतात. पन मी डोळं उघडलं की भिंतीकडं बघतात."

मी म्हणालो, "मग एक दिस लाव की अत्तर. रजा टाक आन् लाव."

"अत्तराचं न्हाई ते," तो म्हणाला. "मी काय करतो हेच त्यांना दिसलेलं न्हाई. त्यांना वाटतं, मी तितं जाऊन नुसता नियम सांगत फिरतो. एकदा त्यांनी येऊन बघावं, येवढंच वाटतं. मी मशीनवर उबा असताना."

हे म्हणताना त्याचा आवाज असा काही झाला, की मी पुढची थट्टा गिळली. साहेब माणूस, डिग्रीवाला, पंचक्रोशीत नाव, आणि शाळेतल्या पोरासारखं त्याला वाटत होतं की बापानं एकदा येऊन आपल्याला बघावं.

त्र्याऐंशी साली ते जमण्यासारखं झालं. कंपनीनं ठरवलं, वर्षातून एक दिवस कामगारांच्या घरच्यांना कंपनी दाखवायची. भरण्याच्या खोलीत अर्थातच कुणी येणार नाही. पण खोलीच्या एका अंगाला लांब काच होती आणि काचेबाहेर बोळ. त्या बोळातून घरच्यांना फिरवायचं ठरलं. अलाउद्दीननं आईमार्फत निरोप धाडला. चाचांनी आईमार्फतच उत्तर दिलं, बाजाराचा दिवस हाय, दुकान कोन बगनार. अलाउद्दीननं तरीही आईला नीट समजावून ठेवलं. आत सगळे सारखेच दिसतात, तोंड कुणाचं दिसत नाही, तेव्हा अब्बांना सांग, दारातून पहिल्या मशीनवर जो उभा असेल तो मी.

आणि चाचा आले. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून आले. हे मी नंतर ताजबीकडून ऐकलं. आदल्या दिवशीच त्यांनी दुकानाला कुलूप लावलं होतं, एकाही बाटलीला हात लावला नव्हता. सकाळी मुळा नदीवर जाऊन साध्या साबणानं अंग घासघासून धुतलं. कपडे रंभाबाईंच्या दोरीवर वाळवलेले. गेटवर आमचा राखणदार कुशाबा उभा होता, त्याच्या नाकापुढं चाचांनी आपलं मनगट धरलं आणि विचारलं, "बग बरं, वास येतोय का? पोराच्या कामात बिब्बा नको पडायला." कुशाबानं वास घेतला आणि म्हणाला, "न्हाई चाचा, कायबी न्हाई." तेव्हा कुठं ते आत आले. बोळ खोलीच्या बाहेर. तिथं ते अत्तरात बुडून आले असते तरी चाललं असतं. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आत आमची वेगळीच धांदल चालली होती. पहिलं मशीन माझं, त्या दिवशी त्यावर अलाउद्दीन उभा राहणार होता आणि मी दुसऱ्यावर जाणार होतो. पण भरणं सुरू केलं आणि दुसऱ्या मशीनची ज्योत वाकडी जळायला लागली. कुप्यांची तोंडं नीट बंद होईनात. काही काळी पडायला लागली. मशीन थांबवून अख्खं औषध फेकून देणं किंवा तिथं उभं राहून ज्योत सांभाळत पुढं नेणं, दोनच वाटा होत्या, आणि ज्योत सांभाळणं त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, हळूच बोट केलं, पहिल्यावर जा. मला काय चाललंय ते लगेच कळलं. मी चष्म्यातून त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं पुन्हा बोट केलं. मी गेलो.

दुसरं मशीन आतल्या कोपऱ्यात होतं आणि त्याच्याभोवती जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, स्वच्छ हवा आत कोंडून राहावी म्हणून. त्या पडद्यातून पलीकडं माणूस आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही.

थोड्या वेळानं बोळात माणसं यायला लागली. कुणाची आई, कुणाची बायको, कडेवरची पोरं. माणसं काचेला नाक लावायची, आपला माणूस कुठला यावर वाद घालायची आणि पुढं सरकायची. चाचा सर्वांत मागून आले. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा. काचेपुढं आले, दाराकडून मोजल्यासारखं केलं, पहिलं मशीन बघितलं, आणि माझ्यावर नजर लावली.

मी मेल्याहून मेलो. हात उचलून "तिकडं, तिकडं" म्हणून दाखवावं, तर हात छातीच्या वर न्यायचा नाही. ओरडावं तर तोंडाला फडकं आणि मध्ये काच. माझ्यापुढून उघड्या तोंडाच्या कुप्या चालल्या होत्या, त्या कुठल्या तरी बाळंतिणीला लागणार होत्या. आणि हे नियम मला शिकवणारा पाठीमागे पडद्यात उभा होता, त्यालाही हात उचलता येत नव्हता. चाचा हलेनात. बरोबरची माणसं पुढं गेली तरी ते तिथंच. मग त्यांनी हात वर केला. सावकाश, जरा लाजत, एसटीत बसलेल्या माणसाला करतात तसा. आणि हात तसाच धरून उभे राहिले.

मी काय करणार होतो? मी मान हलवली. हळू, जेवढी चालते तेवढी.

काम संपायला दुपार झाली. कपडे बदलायच्या खोलीत अलाउद्दीन बाकावर बसला, एक पाय अलीकडं, एक पलीकडं, आणि तसाच बसून राहिला. हे त्यानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं.

"आले व्हते?" त्यानं विचारलं.

"आले व्हते."

"पडद्यातनं पांढरं काय तरी दिसलं. हात वर केल्यागत वाटलं."

"केला हात. माझ्याकडं बगून केला. मी मान हलवली, दुसरं काय करायचं ते सुचलं न्हाई."

एरवी आत कुणी शिंकलं तरी पंचनामा करणारा माणूस. मान का हलवली, असं तो काही बोलला नाही. पलीकडचा पाय उचलून त्यानं अलीकडं घेतला आणि चप्पल घातली.

बाहेर मांडवात बटाटेवडे आणि चहा चालला होता. चाचांनी आम्हाला येताना बघितलं आणि उठून समोर आले. ताजबी मध्ये नव्हती. निरोप नव्हता. त्यांनी अलाउद्दीनचे दोन्ही दंड धरले.

"बगितलं मी तुला! पयल्या मशीनवर. काय ताठ उबा व्हतास रं! पापनी हालत नव्हती तुजी. येवढ्या बाटल्या समोरनं चालल्यात आन् तुजी नजर न्हाई ढळली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी हात केला, तर तू मान हलवलीस. कामातनं. लई बरं वाटलं बग."

मी वडा हातात घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता हा सांगेल. सांगायलाच पाहिजे. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते चुकून दुसऱ्याच्या पदरात पडलं, हे कुणाला गिळवेल? अलाउद्दीननं बापाच्या तोंडाकडं बघितलं. चाचा हसत होते, आणि त्याच्याकडंच बघत होते.

"व्हय अब्बा," तो म्हणाला. "मीच व्हतो."

त्या दिवसापासून घरातले निरोप बंद झाले. चाचा सरळ बोलायला लागले, थट्टा करायला लागले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायचे. नवरीसाठी मेंदी घ्यायला आलेल्या बाईलाही. माजा पोरगा पयल्या मशीनवर उबा असतो, सरकारचा मानूस आला तरी त्याची नजर हलत न्हाई, मी गेलो तर मातर मान हलवली. अलाउद्दीन तिथं असला तर ऐकून घ्यायचा. मी असलो तर मी सुपारी कातरत बसायचो. ताठ उभं राहण्याचं कौतुक माझ्या बापानं, हैबतरावांनी, कधी केलं नाही, आणि इथं दुसऱ्याचा बाप करत होता तर ते मला घेता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा आणायचं अलाउद्दीननं पक्कं ठरवलं होतं. या खेपेला काय वाटेल ते झालं तरी पहिल्या मशीनवरून हलायचं नाही, असं मला बजावून झालं होतं. पण मध्ये औषध निरीक्षक आले आणि त्यांनी शेरा मारला, उत्पादन चालू असताना बोळात बाहेरची गर्दी नको. शेरा बरोबर होता. वरच्या साहेबांनी अलाउद्दीनला विचारलं, तुमचं मत काय? तो म्हणाला, शेरा योग्य आहे. मी त्याला बाहेर गाठून शिव्या घातल्या. म्हणालो, एक दिस गप बसला असतास तर काय कंपनी बुडाली असती? तो म्हणाला, "वाल्म्या, तू बी तितं उबा व्हतास. गर्दी बगून तुजं ध्यान कुप्यांवर व्हतं का?" बोळाच्या दाराला कुलूप लागलं.

मग चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण एक डोळा गेलाच. दुकानात बसून ते बाटल्या वासावरून ओळखायचे. सत्याऐंशी साली, उन्हाळा सरताना, दुकानात बसल्या जागी गेले.

दफन आटोपून लोक परतले. मी आणि अलाउद्दीन मागं राहिलो आणि नदीच्या अंगाला एका दगडावर टेकलो. ऊन कलायला लागलं होतं. मग तो म्हणाला, "वाल्म्या, त्या दिवशी बोळात अब्बांचं तोंड कसं व्हतं?"

मला आधी कळलंच नाही. एवढ्या वर्षांत त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं. चाचा होते तोवर चेहरा समोर होता, विचारायची गरज नव्हती, किंवा हिंमत नव्हती.

मी सांगितलं. काचेजवळ इतके आले होते की त्यांच्या श्वासानं काच पांढरी व्हायची. मग सदऱ्याच्या बाहीनं पुसायचे आणि पुन्हा बघायचे. तोंड जरासं उघडं. शेजारून जाणाऱ्या एका बाईला थांबवून त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं, माजा पोरगा म्हणाले.

"डोळं?"

"भरलेलं. पन पुसलं न्हाईत. पुसायला गेले आसते तर तेवढा येळ तू दिसला नसतास."

मी "तू" म्हणालो, आणि त्यानं ते तसंच घेतलं. अहवालात एक शब्द कमी पडला तर कागद परत पाठवणारा तो, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता.

"आन् तू मान हलवल्यावर?"

"हसले."

"कसे?"

कसे ते मला ठाऊक होतं. सगळ्या दुनियेत मला एकट्यालाच ठाऊक होतं. सांगायला शब्द मिळेना, म्हणून मी त्याच्याकडं तोंड केलं आणि तसं हसून दाखवायला गेलो. ते काही केल्या जमेना. तो माझ्या तोंडाकडं डोळे लावून बसला होता, आणि मी पुन्हा पुन्हा हसून बघत होतो.